सोबत : मूळ कासव

आधी कबुली देऊन टाकते. सतरा वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं, माझ्याच टाइपरायटरवर, शंभराच्या बाँडवर, तीन प्रतींत, माझ्याच गुन्ह्याची हकिगत टाइप केली. खाली सही केली. नोटरीचा शिक्का मारून घेतला. मग कुणी बोलावलेलं नसताना तो कागद वन विभागाच्या ऑफिसात नेऊन दिला, आणि वर त्याची पोच मागितली. पोच घेतल्याशिवाय मी कुठंच कागद देत नसे. तेवढी मी हुशार होते.

वय सत्तेचाळीस. अक्कल यायची ती सगळी आली, आता नवीन काही यायचं नाही, असं वाटण्याचं ते वय. आष्टीत तहसीलच्या समोर आमचं दुकान होतं. आमचे हे मुद्रांक विकायचे आणि मी शेजारच्या टेबलावर अर्ज नि प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. बारा-पंधरा वर्षं हेच केल्यावर माझी पक्की समजूत झाली होती, की जगात असं दुखणंच नाही ज्याला अर्ज लागू पडत नाही. रेशनकार्डावर मेलेल्या सासूचं नाव आहे, अर्ज. शेजाऱ्याची बोर आपल्या अंगणात वाकली, अर्ज. एका बाईचा नवरा रोज पिऊन यायचा, तर तिच्यासाठी मी तहसीलदारांना उद्देशून अर्ज केला होता, 'तरी सदर इसमास योग्य ती समज देण्यात यावी' असा. हे म्हणायचे, "तू वर गेल्यावर यमाकडंबी अर्जच करशील."

तर आमच्याकडं एक कासव होतं. एका दुष्काळात घरामागची विहीर तळाला गेली, तेव्हा गाळ काढणाऱ्यांना सापडलं. थाळीएवढं, चिखलाच्या रंगाचं. विहिरीत कासव असणं ही आमच्याकडं काही नवलाची गोष्ट नाही. पाणी साफ ठेवतं म्हणून लोक मुद्दाम सोडतात. पण विहिरीत पाणीच उरलं नव्हतं, म्हणून मी त्याला घरात आणलं आणि मोरीमागच्या हौदात ठेवलं. पुढं पाऊस झाला, विहीर भरली, तरी मी काही त्याला परत सोडलं नाही. लळा लागला होता. नाव ठेवलं नायब, तहसीलातल्या नायबसाहेबांवरून, कारण काम घेऊन जवळ गेलं की मान आत. सात वर्षं मी नायबाला दूध-पोळी खाऊ घातली आणि सणावाराला त्याच्या पाठीला हळदकुंकू लावलं.

मग एके दिवशी सफारी घातलेला एक अनोळखी माणूस दारात आला.

"मावशी, तुमच्याकडं कासव हाय म्हनं. नखं किती हायत?"

"माझी का त्याची?"

तो हसला नाही. म्हणाला, "वीस नखाचं असल तर तुमी म्हनाल ते देतो." वीस नखांच्या कासवावर पूजा मांडली की पैशाचा पाऊस पडतो, असं सांगत फिरणारी टोळी तेव्हा आमच्या भागात होती. मी त्याला हाकलला, पण डोक्यात किडा शिरला. उद्या हा माणूस कासव उचलून घेऊन गेला तर? कासव माझं आहे याला पुरावा काय? सातबारा नाही, पावती नाही. बंदुकीला परवाना असतो, शहरात कुत्र्याला असतो, मग कासवाला असणारच. आपणच गाफील राहिलो.

मी कामाला लागले. अर्जाला फोटो लागतो, म्हणून नायबाला टोपल्यात घालून युनूसभाईच्या स्टुडिओत नेलं. युनूसभाईनं मागं निळा पडदा सोडला, कासवाला स्टुलावर ठेवलं आणि सवयीनं म्हणाला, "मान जरा वर." मान आतच. आम्ही पाऊण तास बसलो. शेवटी मी पडद्यामागं जाऊन पोळीचा तुकडा हलवला तेव्हा अर्धं तोंड बाहेर आलं आणि त्यानं बटण दाबलं. पासपोर्ट साइज, आठ प्रती.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मला अजून पाठ आहे. 'मी खाली सही करणार, वय सत्तेचाळीस, धंदा घरकाम व टंकलेखन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझे राहते घरी गेली सात वर्षे एक जिवंत कासव असून ते माझेच कब्जात आहे. सदर कासवास मी पोटच्या लेकराप्रमाणे सांभाळीत असून त्यास कोणाचीही हरकत नाही. तरी मेहेरबान साहेबांनी सदर कासवाचा परवाना माझे नावे द्यावा ही विनंती.' खाली डाव्या बाजूला 'सोबत' लिहून दोन ओळी. एक, कासवाचा फोटो. दोन, मूळ कासव. कारण झेरॉक्स जोडली की मूळ प्रत दाखवावी लागते, हे मी रोज लोकांना सांगत आले होते.

ऑफिसातल्या बाबूंनी वरची ओळ वाचून कागद घेतला, आवक नंबर टाकला, माझ्या प्रतीवर शिक्का मारला. साहेब फोनवर होते, बाहेर बसा म्हणाले. मी पिशवी घेऊन व्हरांड्यात आले. पायरीवर एक माणूस बसला होता. खाकी कपडे आणि पायांत रबरी चपला. बूट समोरच्या सायकलच्या हँडलला नाड्यांनी लटकवलेले. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, गळ्यात दोरीला शिट्टी.

"अक्का, पिशवीत काय हलतंय?"

"मूळ प्रत," मी म्हणाले, आणि कौतुकानं माझ्याकडची पोच त्याच्या हातात दिली.

हे सोपान देवकाते, वनरक्षक. त्यांनी कागद मांडीवर ठेवला, ओळीखाली बोट धरलं आणि ओठ हलवत सावकाश वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"ह्यो तुमी लिवलाय?"

"मी स्वतः टाइप केलाय. एक चूक सापडली तर सांगा."

"आन् शिक्काबी पडला?"

"आवक नंबर खाली आहे."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अक्का," ते म्हणाले, "वाघ पाळलाय तुमी."

मी पिशवीत बघितलं.

खिशातून त्यांनी एक लहान पुस्तक काढलं. सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर, कोपरे दुमडून गोल झालेले. एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. "हे बगा. वाघ ह्या यादीत. बिबट्या ह्याच यादीत. आन् ह्यो खाली बोट ठिवलंय तिथं, हे तुमचं पाणकासव. सरकारला समदे सारकेच. पाळायला परवाना नसतोय ह्याला. कुनालाच नसतोय. घरात सापडलं की केस."

"शिक्षा?"

"तीन वर्सं. लई झालं तर सात."

"कुणाला?"

"कासवाला तर न्हाई."

मी म्हणाले, मग अर्ज परत घेते. ते म्हणाले, आवक झालेला कागद परत निघत नाही. आणि हे मला ठाऊक होतं. हेच मी पंधरा वर्षं लोकांना ऐकवत होते.

"कशापायी आलात अक्का? सात वर्सं कुनी इचारलं न्हवतं. आनकी सात वर्सं कुनी इचारलं नसतं."

"परवाना काढायला," मी म्हणाले.

त्यांनी पोचेची नीट घडी घातली. हसले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर हसले असते. मग ते उठले, नळावर एक गोणपाट भिजवून आणलं, पिशवी सावलीला सरकवून तिच्यावर ते पांघरलं आणि आत वाकून म्हणाले, "बसा साहेब, दम धरा जरा." हे कासवाला. सायकलीवरून बूट काढले, पायात घातले, नाड्या बांधल्या आणि माझी पोच घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. बूट त्यांना चावत. साहेबांसमोर काही महत्त्वाचं बोलायचं असेल तरच ते घालत, हे मला पुढं कळलं.

अर्धा तास गेला. आत पंखा फिरल्याचा आवाज येत होता, बोलणं कळत नव्हतं. मी बाकावर बसून विचार करत होते. पहिला विचार आला तो हा, की माझ्या जामिनाचा अर्ज टाइप कोण करणार, कारण आष्टीत माझ्याइतकं शुद्ध टाइप करणारं दुसरं कुणी नव्हतं. दुसरा विचार आला तेव्हा मात्र मी बाकावरून उठून उभी राहिले. लेकीची सोयरीक जुळली होती आणि पुढच्या रविवारी पाहुणे याद्या करायला येणार होते. मुलीची आई कुठं आहे म्हटल्यावर हे काय सांगणार? कासवाच्या केसमध्ये आत आहे? लग्न मोडायला याहून लहान कारणं पुरतात.

देवकाते बाहेर आले. कोरा कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"लिवा दुसरा अर्ज. हातानंच लिवा. 'आटलेल्या विहिरीतनं काढलेलं कासव मी अजाणतेपनी घरी ठिवलं. कायदा समजल्यावर ते सोताहून, राजीखुशीनं वनखात्याच्या ताब्यात देत हाय.' सात वर्सं ठिवलं हे बी लिवा. खोटं काय लिवू नका."

मी लिहिलं. वाक्य फारच कोरडं वाटलं म्हणून पुढं 'पोटच्या लेकराप्रमाणे' असं लिहायला घेतलं.

"लेकरू काढा तिथनं," ते म्हणाले.

"साहेबांना काय सांगितलंत?"

"ते आमचं आतलं बोलनं हाय."

एवढंच. पुढची सतरा वर्षं मी ते अधूनमधून विचारत राहिले आणि ते शेरडाला पाणी पाजायचंय म्हणून उठून जात राहिले.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासेपर्यंत आणि सोडायच्या परवानगीचा कागद वरून येईपर्यंत नायब चार दिवस ऑफिसमागच्या टाक्यात होता. दुसऱ्या दिवशी मी दूध-पोळीचा डबा घेऊन गेले. देवकातेंनी डबा झाकणासकट परत दिला. मग टाक्यात हात घालून नायबाला उचललं आणि माझा अंगठा धरून त्याच्या पाठीवरून फिरवला. मधोमध, टणक हवं तिथंही मऊ लागत होतं, पिकलेल्या पपईसारखं.

"ह्यो मासं खातो, गोगलगायी खातो, किडं खातो. दूध कुटनं आलं विहिरीत? हाडं मऊ पडलीत त्याची." मग म्हणाले, "डॉक्टर म्हनलेत, सुधरल. अजून वेळ गेली न्हाई."

मला रागवले असते तर बरं वाटलं असतं. मी तिथंच टाक्याच्या कट्ट्यावर बसले आणि सात वर्षांच्या हळदकुंकवाचा विचार करत राहिले. सफारीवाल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी त्याची नखंही मोजायला लावली. एकेका पायाला तीन, सगळी मिळून बारा. "त्यो सफारीवाला आला तर सांगा, आठ कमी पडतेत."

पाझर तलावावर सोडायला गेलो तेव्हा पंच म्हणून आमचे हे आणि युनूसभाई. देवकातेंनी पंचनामा मोठ्यानं वाचला, सह्या झाल्या, आणि नायबाला काठावरच्या गाळात ठेवून ते म्हणाले, "निघा साहेब. झाली बदली." मला वाटलं होतं तो माझ्याकडं वळेल. सात वर्षांची ओळख. तो थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यानं मान बाहेर काढली. काढतच गेला. त्याची मान एवढी लांब आहे हे मला सात वर्षांत ठाऊक नव्हतं. पाण्याकडं तोंड करून चालायला लागला आणि बुडबुडे सोडत दिसेनासा झाला. युनूसभाई हळहळून म्हणाला, "स्टुडिओत ही मान काढली असती तर."

येताना मी देवकातेंना घरी चहाला बोलावलं. ते म्हणाले, "आज न्हाई अक्का. आज सरकारी कामानं आलोय. उद्या येतो."

मला वाटलं, टाळतायत. दुसऱ्या दिवशी दहा वाजता धोतर-सदरा घालून, चपला फटफटवत खरंच आले. बाहेर सायकल लावली. हौदाकडं बघितलंसुद्धा नाही. चहा बशीत ओतून प्याले, लेकीच्या लग्नाची चौकशी केली, तिला याद्यांच्या दिवशी कुठल्या रंगाचं लुगडं घेतलंय ते विचारलं आणि निघून गेले. रविवारी पाहुणे आले, याद्या झाल्या. मुलीची आई घरातच होती, भज्यांच्या कढईपाशी.

ही दुसऱ्या दिवशीच्या चहाची त्यांची रीतच होती. ज्या घरून प्राणी ताब्यात घेतला तिथं त्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी वर्दी न घालता चहाला हजर. मी विचारलं तर म्हणाले, "काल म्या त्याच्या घरातनं कायतरी उचलून नेलंय. आज रिकाम्या हातानं बसून दावाया पायजे, न्हाईतर गावात तोंड कसं दावू?"

सगळीकडं लगेच चहा मिळायचा असं नाही. नागपंचमीला बाजारात नाग घेऊन बसणारा एक म्हातारा गारुडी होता. देवकातेंनी नाग ताब्यात घेतला. त्याचं तोंड शिवलेलं होतं. म्हाताऱ्याच्या बायकोनं भर बाजारात त्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी देवकाते त्यांच्या पालावर चहाला. म्हाताऱ्यानं पाठ फिरवली. देवकाते बाहेर दगडावर अर्धा तास बसले, उठून आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे सहा दिवस. सातव्या दिवशी म्हाताऱ्यानं कप पुढं सरकवला. पुढं रोपवाटिकेत पिशव्या भरायला माणसं हवी होती तेव्हा देवकातेंनी त्यालाच नेऊन उभा केला. कुठं साप निघाला की त्यांना सांगावा धाडणारा पहिला माणूस तोच म्हातारा झाला.

एका बड्या असामीच्या फार्महाउसवर पिंजऱ्यात घोरपड होती, पाहुण्यांना दाखवायला. तिथं देवकाते बूट घालून गेले. मालकानं खुर्ची दिली, चहा मागवला, फोन लावून पुढं केला, "घ्या, बोला." देवकाते उभ्या उभ्या म्हणाले, "बोलतो की. पन आदी पंचनामा हुंद्या. तो फोनवर लिवता येत न्हाई." घोरपड पोत्यात घालून सायकलीवर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तेच देवकाते, त्याच फाटकावर, धोतरात. राखणदाराला म्हणाले, "मालकाला सांग, सोपान च्या प्यायला आलाय." मालक बाहेर आला, त्यानं देवकातेंना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतः आत जाऊन चहा सांगितला. पुढं वर्षभरात देवकातेंची दुसऱ्या बीटला, दूरच्या रानात, बदली झाली. त्या चहामुळंच झाली असं सगळी आष्टी म्हणत होती. ते म्हणायचे, "येडे हायत लोकं. माजी तीन वर्सं भरलीती."

चुकीच्या जागी आलेल्या प्रत्येक प्राण्याला ते 'पावनं' म्हणत आणि अहो-जाहो करत. माणसांना मात्र बहुतेक अरे-तुरेच. एका लग्नाच्या मांडवात धामण निघाली आणि वऱ्हाड खुर्च्यांवर चढलं. देवकाते पिशवी घेऊन आले आणि पहिला प्रश्न केला, "पावनं नवरदेवाकडचं का नवरीकडचं?" भेदरलेली माणसं हसायला लागली. तेवढ्यात धामण पिशवीत. त्या दिवशीही जेवण नाहीच. "उद्या येतो, मांडव काढायच्या आदी."

मी त्यांच्या फार ओळखीची झाले ती माझ्या दुकानामुळं. दहावीपर्यंत शिकलेले होते, पण अहवाल लिहायचा म्हटलं की घाम फुटायचा. बदली झाली तरी महिन्यातून एकदा येऊन माझ्यासमोर बसायचे, हकिगत सांगायचे, मी टाइप करायची. मला वाक्य सजवायची खोड. 'सदर विषारी नागराज फणा उभारून' असं मी लिहिलं की ते कागदावर बोट ठेवायचे. "फना न्हवता काडला. झोपलेते." मग मी खोडायची. मेंढरांमागं वाढलेला माणूस, पाहिलं तेवढंच सांगायचा. चार-पाच वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की लोकांचे अर्जसुद्धा मी आता आखूड लिहायला लागले आहे. आमचे हे म्हणाले, "त्या गार्डानं तुजी भाषा जप्त केली."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि गावाकडं मेंढरांत परत गेले. मीही दुकान बंद केलं. आणि मागच्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. ज्या लेकीचं लग्न तेव्हा मोडता मोडता वाचलं, तिची ही मुलगी, मुक्ता, अकरावीत आहे.

"आजी, माझ्या मैत्रिणीचे बाबा परदेशी चाललेत. त्यांचा इग्वाना आहे, हिरवा, एवढा मोठा. मी आणू का? आई म्हणते, आजीला विचार, तिला यातलं कळतं."

हे ऐकून आमचे हे पलीकडच्या खुर्चीत इतके हसले, की मला त्यांची पाठ थोपटावी लागली.

"परवाना आहे का?" मी विचारलं.

"ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो आजी. भरला की झालं."

भरला की झालं. सत्तेचाळीस वर्षांची मी त्या पोरीच्या तोंडून बोलत होते. मी म्हणाले, "थांब. हात लावू नकोस. मी विचारून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं देवकातेंच्या गावाला निघाले. फोनवर विचारता आलं असतं. पण खूप दिवसांत भेट नव्हती आणि मला निमित्त हवं होतं.

वस्तीवर लिंबाखाली ते मेंढरांच्या खुरांना औषध लावत बसले होते. केस पांढरे, चष्मा लागलेला, पायांत त्याच रबरी चपला. कुडाच्या खुंटीला नाड्यांनी लटकवलेले बूट तेवढे वर्दीतले उरलेले.

"या अक्का. पिशवी आनली न्हाई आज?"

मी इग्वानाचं सांगितलं. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला. "हां, ते परदेशी. त्याची सरकारात नोंदनी लागती आता, इंटरनेटवर. पन नुसता फारम भरून भागत न्हाई. त्यो आला कुटनं, त्याचा कागूद दावा म्हनते सरकार. त्या मैत्रिनीच्या बापाच्या नावानं त्याची नोंद हाय का, ते पयलं इचारा. नसल तर लांबूनच रामराम. आसल तर तुमच्या नातीच्या बापाच्या नावावर नोंद करून घ्यायची, मंगच दारात आनायचं. अन् आपल्या मुलखातलं आसल, कासव म्हना, घोरपड म्हना, तर नोंदनीचा इषयच न्हाई. पाळायचंच न्हाई."

"आणि कागद असला तर आणू दे म्हणू?"

"तिला येक इचारा. ते पंदरा-ईस वर्सं जगतंय. पोरीचं लगीन झाल्यावर ते कुटं ऱ्हानार? तिच्याबरुबर सासरी जानार?"

मी तिथूनच मुक्ताला फोन लावला. कागद आहे का ते तिला माहीत नव्हतं, विचारते म्हणाली. पंधरा-वीस वर्षांचं ऐकून मात्र तिनं आपलं तेव्हाचं वय मोजलं. मग म्हणाली, "आजी, मग मी नुसती त्याला बघून येते."

सुनेनं चहा आणला. माझी नजर बुटांकडं गेली, आणि डाव्या बुटातून एक पाल डोकं बाहेर काढून बघत होती.

"हिचा परवाना?" मी विचारलं.

"पावनं हायत. म्या ठिवली न्हाई. आपल्या पायानं आली, आपल्या पायानं जाईल."

एसटीला वेळ होता. ऊन कलायला लागलं होतं, मेंढरं पाण्याकडं सरकत होती. मी पुन्हा तेच जुनं विचारलं. मी म्हणाले, "सोपानराव, मी चौसष्टची झाले. तुम्ही रिटायर झालात. साहेबही कधीच बदलून गेले. आता तरी सांगा. त्या दिवशी बूट घालून आत गेलात, अर्धा तास काय बोललात? तुम्ही बोलला नसतात तर माझ्या लेकीचं लग्न मोडलं असतं, आज फोनवर बोलली ती पोरही नसती."

मला वाटलं, आताही मेंढरांचं निमित्त काढून उठतील. उठलेच. काठी घेतली, चार पावलं मेंढरांमागं गेले, मग थांबून माझ्याकडं वळले.

"काय सांगनार, अक्का. म्हनलं, साहेब, अठरा वर्सं झाली मला नोकरीला. वर्दी दिसली की लोकं पिशवी मागं लपवितेत. ही एकली बाई पिशवी घिऊन आपल्या पायरीवर आली. हिलाच आत टाकलं तर उद्या आपल्या दारात कोन येईल? साहेबांनी टेबलावरचा अर्ज वडला. तुमच्या कासवाचा फोटू उलटा धरून बगितला, सुलटा धरून बगितला, आन् म्हनले, लिव पंचनामा."